नोंदणी आहे, पण ती जिवंत आहे का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

सरकारी कामाचं टेंडर भरणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मोठी गाडी, पुढाऱ्यांशी ऊठबस. असे कंत्राटदार आहेत, नाही असं नाही. पण गेली तीसेक वर्षं मी ज्यांचे हिशेब लिहितो, ती माणसं या चित्रात बसत नाहीत. कुणी ग्रामपंचायतीची गटारं बांधतो, कुणी शाळेच्या खोल्यांना रंग देतो, कुणी सरकारी दवाखान्याला चादरी पुरवतो. हाताशी दहा-पंधरा माणसं, एक मिक्सर, एक जुना टेम्पो, आणि बिल निघेपर्यंत सिमेंटच्या दुकानात उधारी. या माणसांच्या एका कंटाळवाण्या विषयावर मी आज बोलणार आहे. तो विषय म्हणजे त्यांची नोंदणी आणि त्यांचे नंबर.

विषय कंटाळवाणा खरा. पण पावसानं काम अडलं तर पावसाळा संपल्यावर ते सुरू होतं. मुदत संपलेल्या कागदानं अडलेलं काम मात्र कधी सुरू होईल हे कुणालाच सांगता येत नाही. आणि ते अडलं की सगळ्यात आधी थांबते ती मजुरांची शनिवारची मजुरी. म्हणून हा विषय एकट्या कंत्राटदाराचा नाही.

आधी हे नंबर म्हणजे काय ते पाहू. पॅन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दहा अक्षर-आकड्यांचा. त्यातलं चौथं अक्षर सांगतं की हा धारक कोण आहे. व्यक्ती असेल तर तिथं ‘पी’ असतो, भागीदारी पेढी असेल तर ‘एफ’, कंपनी असेल तर ‘सी’, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर ‘एच’. आता जीएसटीचा नंबर घ्या. तो पंधरा अक्षर-आकड्यांचा. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन, जसाच्या तसा. म्हणजे जीएसटीचा नंबर पॅनच्या पोटातून आलेला आहे. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी पॅन आणि आधारला जोडलेली. बँकेचं खातं पॅनला जोडलेलं. टेंडर भरताना लागणारी डिजिटल सही पॅनवरच्या नावानं मिळते. बांधकाम खात्याकडची कंत्राटदार म्हणून नोंदणीही त्याच नावावर. ही सगळी एका माळेतली मणी आहेत. एक मणी सुटला तर माळ हातात राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकदा नंबर घेतला की झालं. तो काय शिळा होतो? होतो. आणि मुख्य अडचण इथंच आहे. आपल्या लोकांना नोंदणी म्हणजे भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र वाटतं. लक्ष्मीपूजनाला त्याला हार घालायचा आणि वर्षभर विसरून जायचं. प्रत्यक्षात नोंदणी हे झाड आहे. लावलं त्या दिवशी फोटो काढला म्हणून ते जगत नाही, पाणी घालावं लागतं.

यातले कितीतरी नंबर माझ्या डोळ्यांदेखत बदलले. महाराष्ट्रात २००५ मध्ये व्हॅट आला तेव्हा विक्रीकराचे जुने नंबर गेले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि व्हॅटचेही मागे पडले. लघुउद्योगांचं तेच. २००६ चा कायदा आल्यावर जुन्या नोंदणीच्या जागी उद्योजकांचं ज्ञापन आलं. २०१५ मध्ये ‘उद्योग आधार’ आला. १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ आलं. जुन्या उद्योग आधारला मुदत देत देत शेवटी ३० जून २०२२ ला तो संपला. तरीही त्यानंतर टेंडरच्या कागदांत उद्योग आधारचीच झेरॉक्स लावणारे लोक मी पाहिले आहेत. कागद खरा, शिक्का खरा. पण त्या कागदात आता जीव नाही.

‘उद्यम’ची आणखी एक गंमत आहे. त्याला नूतनीकरण लागत नाही, नंबर कायमचा. हे ऐकलं की लोक निर्धास्त होतात. पण त्याच अधिसूचनेत लिहिलं आहे की, मागच्या वर्षीच्या आयकर आणि जीएसटी विवरणपत्रांचा तपशील उद्योजकानं पोर्टलवर अद्ययावत करायचा. नाही केला तर दर्जा निलंबित होऊ शकतो. म्हणजे नंबर कायमचा, पण त्यामागची माहिती वर्षाची. शिवाय सूक्ष्म, लघू, मध्यम या मर्यादाही बदलतात. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल अशी झाली. लघुउद्योगाची पंचवीस कोटी आणि शंभर कोटी. माहिती जुनी राहिली तर आपण कुठल्या गटात आहोत हेच चुकीचं दिसतं.

ही नोंदणी कशाला जपायची? कारण तिच्यामागे पैसा आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना आपल्या वार्षिक खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून घ्यावा लागतो. तो आधी २० टक्के होता, आता २५ टक्के आहे. या उद्योगांना बयाणा रकमेतूनही सूट आहे. हे धोरण वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्यासाठी नाही, हेही लक्षात ठेवा. कितीतरी जण बांधकामाच्या टेंडरमध्ये बयाणा न भरता उद्यमचा कागद लावतात आणि बाद होतात.

दुसरा फायदा उशिरा मिळणाऱ्या पैशांचा. २००६ च्या कायद्यानुसार अशा पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढीनं व्याज. कायदा जबरदस्त आहे. पण लोक काय करतात? माल पुरवतात, बिल थकतं, वर्षभर हेलपाटे मारतात, मग कुणीतरी सांगतं म्हणून उद्यम नोंदणी काढतात. वरातीमागून घोडं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं की, नंतर काढलेल्या नोंदणीचा लाभ मागच्या व्यवहाराला मिळत नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाला याबाबत वेगळं वाटलं आणि त्यांनी प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. न्यायालयात काय व्हायचं ते होवो. चादरी पुरवणाऱ्या माणसाकडे तिथपर्यंत जाण्याइतका पैसा नसतो. त्यानं करार होण्याआधी नोंदणी काढावी आणि ती चालू ठेवावी, एवढं त्याच्या हातात आहे.

आता जीएसटीकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथं अडतात. काम नाही, म्हणून विवरणपत्र भरलं नाही, असा साधा हिशेब असतो. पण काम शून्य असलं तरी शून्याचं विवरणपत्र भरावंच लागतं. दरमहा भरणाऱ्यानं सलग सहा महिने भरलं नाही, किंवा तिमाही भरणाऱ्यानं सलग दोन तिमाह्या, तर नोंदणी रद्द करण्याची कारवाई होऊ शकते. आधी नोंदणी निलंबित होते. या काळात करपात्र पुरवठा करता येत नाही, म्हणजे बिलच करता येत नाही. नोटीस ई-मेलवर आणि पोर्टलवर येते. पोस्टमन सही घ्यायला दारात येत नाही. नोंदणी रद्द झाल्याचा आदेश निघाला, तर ती परत मिळवण्यासाठी ९० दिवसांत अर्ज करायचा असतो. मुदत वाढवून मिळते, पण त्यासाठी कारण द्यावं लागतं, थकलेली विवरणपत्रं आणि दंड भरावा लागतो.

सरकारी बिलात आणखी एक मेख आहे. अडीच लाखांवरच्या करारात सरकारी कार्यालय तुमच्या बिलातून जीएसटीपोटी २ टक्के कापून घेतं. १ ऑक्टोबर २०१८ पासून हे सुरू आहे. ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या जीएसटी नंबरच्या खात्यात जमा होतात. पण नंबरच बंद असेल तर? आयकराचंही असंच. कंत्राटदार व्यक्ती असेल तर बिलातून १ टक्का कापतात, पेढी किंवा कंपनी असेल तर २ टक्के. पण पॅन आधारला जोडला नाही म्हणून निष्क्रिय झाला असेल, आणि १ जुलै २०२३ पासून असे पॅन निष्क्रिय झाले आहेत, तर २० टक्के कापले जातात. दहा लाखांच्या बिलात दहा हजारांऐवजी दोन लाख. छोट्या कंत्राटदाराचा सगळा नफा एवढा नसतो.

नावाचं दुखणं तर आपल्या मराठी माणसाला जन्माचं चिकटलेलं आहे. ज्ञानेश्वर हे नाव कुणी इंग्रजीत ‘डी’नं सुरू करतो, कुणी ‘जी’नं. लक्ष्मण कुठे ‘एक्स’ घालून, कुठे ‘के-एस-एच’ घालून. पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे, आधारवर नाही, बँकेत नुसतं आद्याक्षर. माणूस तोच, गावात त्याला सगळे ओळखतात. पण संगणक गावात राहत नाही. त्याला तीन नावं म्हणजे तीन माणसं दिसतात. माझ्याकडे येणारा एक जण, रस्त्याच्या डागडुजीची कामं करणारा, सर्वांत कमी दर भरूनही तांत्रिक लिफाफ्यातच बाद झाला. कारण नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळलं नाही. त्यानं कार्यालयात खूप वाद घातला. पण टेंडरची अट लेखी होती आणि त्याचा वाद तोंडी होता.

बँकेच्या खात्याचंही तसंच. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोद्यात विलीन झाल्या. पुढच्या वर्षी, १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत. त्यानंतर शाखांचे अकरा अक्षर-आकड्यांचे आयएफएससी कोड बदलले. ज्यांनी कार्यालयात जुनाच कोड ठेवला त्यांचे पैसे निघाले, पण पोहोचले नाहीत. बिल मंजूर, आणि खात्यात खडखडाट.

आणि आता सगळ्यात अवघड प्रसंग सांगतो. एका पाणीपुरवठ्याच्या कामात कंत्राटदार अचानक वारले. धंदा एकट्याच्या नावावर होता. मुलगा पाच वर्षं वडिलांबरोबर साइटवर उभा राहिलेला, काम त्याला वडिलांइतकंच कळत होतं. त्यानं तेराव्यानंतर काम पुढे सुरू केलं, मजुरांना उचल दिली, पाइप आणले. त्याला वाटलं, पेढीचं नाव तेच, शिक्का तोच, काय बिघडलं? पण एकट्याच्या धंद्यात पॅन त्या माणसाचा असतो आणि पॅन माणसाबरोबर संपतो. वडिलांच्या पॅनवरचा जीएसटी नंबर मुलाला चालत नाही. त्याला स्वतःचा नवा काढावा लागतो, आणि जुन्या नंबरवर शिल्लक असलेली कराची वजावट ठरावीक फॉर्म भरून नव्यावर आणावी लागते. बांधकाम खात्यातली नोंदणी वडिलांच्या अनुभवावर होती, तीही आपोआप मुलाकडे येत नाही. राहिलेल्या बिलासाठी न्यायालयातून वारसाचा दाखला मागितला गेला. या सगळ्यात वर्ष गेलं. घरातलं माणूस गेल्याचं दुःख एकीकडे, आणि दुसरीकडे आई रोज विचारते, अरे, त्या मजुरांचं काय केलंस?

यात कार्यालयानं नियमाबाहेर काही केलं नव्हतं. पण हा प्रसंग टाळता येण्याजोगा होता. वय झालेल्या कंत्राटदारांना मी म्हणूनच सांगतो, बाबांनो, मुलगा किंवा मुलगी धंद्यात आली असेल तर वेळेवर भागीदारी करा. मात्र हेही समजून घ्या, की एकट्याच्या धंद्याची भागीदारी झाली की पॅन नवा, जीएसटी नवा, कंत्राटदार नोंदणीतही बदल. हातात चालू काम असताना हे करायचं तर आधी कार्यालयाला लेखी कळवा. साध्या बदलांचंही तेच. पत्ता बदलला, भागीदार बदलला, तर जीएसटीत १५ दिवसांत कळवायचा नियम आहे. इतर ठिकाणी आपण होऊन कळवायचं.

मजुरांच्या नंबरांबद्दल बोललं पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीत प्रत्येक कामगाराला बारा आकडी कायमचा नंबर असतो. कंत्राटदार बदलला तरी तो नंबर कामगाराबरोबर जातो. कंत्राटदाराचा आस्थापना कोड चालू असेल आणि दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा झाला असेल, तरच कामगाराच्या नावावर पैसे जमा होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्यांत गेला. कायद्याचं नाव बदललं, पण बिल देण्याआधी चलन दाखवा म्हणणारा कारकून बदललेला नाही, आणि माझ्या मते तो बरोबर आहे. चलन नसेल तर एखाद्या गवंड्याच्या म्हातारपणातला एक महिना कमी झालेला असतो.

डिजिटल सहीचं टोकन हा तर वेगळाच अध्याय. पेन ड्राइव्हसारखी ती छोटी वस्तू. तिची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. पूर्वीची ‘क्लास टू’ सही १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली, आता ‘क्लास थ्री’ घ्यावी लागते. नवं टोकन आलं की ते टेंडरच्या पोर्टलवर पुन्हा जोडावं लागतं. बहुतेकांचं टोकन कुठे असतं? टेंडर भरून देणाऱ्या मुलाच्या टेबलाच्या खणात, पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं ती तुमची सही आहे, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी तुमची आहे. कोऱ्या कागदावर सह्या करून आपण कुणाच्या खणात ठेवू का?

मोबाइलचंही असंच. नोंदणी करताना ज्याच्याकडे बसलो त्याचाच मोबाइल आणि ई-मेल टाकून दिला. दोन वर्षांनी तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला. आता ओटीपी त्याच्या फोनवर, नोटीस त्याच्या मेलवर. मोबाइल आणि ई-मेल स्वतःचे द्या. मदत कुणाचीही घ्या, पण किल्ली आपल्या कमरेला असू द्या. आणि एक सावधगिरी: उद्यम नोंदणी फुकट आहे, जीएसटी नोंदणीलाही सरकारी शुल्क नाही. ‘तुमची नोंदणी आज रद्द होणार, तातडीनं पाच हजार भरा’ असा फोन आला, तर फोन ठेवा आणि स्वतः सरकारी पोर्टलवर जाऊन पाहा.

हे सगळं आपल्याकडचंच खूळ आहे असं समजू नका. अमेरिकेच्या केंद्र सरकारला माल विकायचा तर तिथल्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि ती दर वर्षी नवी करावी लागते. तिथंही आधी एका खासगी कंपनीनं दिलेला नऊ आकडी नंबर चालायचा. ४ एप्रिल २०२२ ला तो बंद होऊन सरकारनं स्वतःचा बारा अक्षर-आकड्यांचा नंबर सुरू केला. आपल्याकडच्या एखाद्या उद्योगाला किंवा संस्थेला त्या सरकारचं कंत्राट घ्यायचं असेल तर तिलाही या वाटेनं जावं लागतं. नोंदणी तिथंही फुकट, आणि पैसे उकळणारे दलाल तिथंही आहेतच.

सरकारकडेही एक मागणं आहे. हे नंबर खोट्या पेढ्या गाळण्यासाठी आले, ते योग्यच. पण एका पत्त्याचा बदल माणसानं सहा ठिकाणी का सांगायचा? पॅन सगळीकडे एकच आहे, तर एका ठिकाणची दुरुस्ती बाकीच्यांना दिसायला काय हरकत आहे? वीजबिल थकलं की मोबाइलवर संदेश येतो. तसा नोंदणीची मुदत संपण्याआधी दोन महिने प्रत्येक खात्याकडून मराठीत संदेश यावा. मोठ्या कंपनीकडे या कामाला वेगळा माणूस असतो. छोट्याकडे तो स्वतःच असतो, आणि तो दिवसभर साइटवर असतो.

तोपर्यंत माझा उपाय साधा आहे. एक वही घ्या. चार रकाने आखा: नोंदणीचं नाव, नंबर, त्यावर छापलेलं तुमचं नाव अक्षर न् अक्षर, आणि मुदतीची तारीख. पासवर्ड मात्र वहीत लिहू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही उघडा. जिची मुदत तीन महिन्यांत संपते तिच्यावर खूण करा आणि त्याच आठवड्यात कामाला लागा. ‘उद्यम’सारख्या मुदत नसलेल्या नोंदणीपुढे आयकर विवरणपत्र भरण्याची तारीख लिहा, म्हणजे ती राहून जाणार नाही. आणि ही वही कुठे असते हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. टेंडरच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता विहीर खणायला बसलेली माणसं मी फार पाहिली. आज रविवार आहे, कार्यालयं बंद आहेत, साइटही बंद असेल. प्रमाणपत्रांची फाइल काढा आणि प्रत्येक कागदावरची तारीख एकदा वाचा.